शी, शू आणि शेरा

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं हा नियम ज्याने कोणी काढला, त्याने बाळाच्या बापाचा अजिबात विचार केलेला नव्हता. माहेर लांबच्या गावाला असतं तर एक वेळ ठीक. माणूस विरहबिरह सोसतो, व्हिडिओ कॉल करतो आणि रात्री मित्रांबरोबर मिसळ खायला मोकळा होतो. आमचं तसंही नव्हतं. मी सिडकोत, नोकरी सातपूरच्या कारखान्यात, आणि बायको-लेक जेल रोडला तिच्या आईवडिलांच्या रो-हाउसमध्ये. एकाच शहरात आम्ही तिघं, मध्ये फक्त द्वारकेचा चौक. पहिली पाळी संपली की मी तिकडे निघायचो. त्या चौकातल्या गर्दीत गाडी बंद करून मी त्या दिवसांत जेवढा विचार केला, तेवढा लग्न करतानासुद्धा केला नव्हता.

जावई ही काय चीज असते, हे मला तिथे नीट कळलं. सासूबाई मूळच्या चांदवडकडच्या. माझ्यासाठी त्यांच्याकडे एकच नाव, पाहुणे. लग्नाला तीन वर्षं होऊन गेली तरी पाहुणे. मी पाण्याचा ग्लास घ्यायला उठलो तरी घरात धावपळ उडायची. मग शिरा यायचा. रोज शिरा. बाळ रडलं की बायको, सासूबाई आणि सासरे असे तिघं उठायचे. चौथा मी उठलो की सासूबाई म्हणायच्या, "तुम्ही बसा हो पाहुणे, लय दमून आले असाल. तुम्हाला कशाला तरास?" माझ्याच लेकीचा मला त्रास होऊ नये म्हणून त्या घरात जेवढी काळजी घेतली गेली, तेवढी माझ्या आईनेही माझी कधी घेतली नसेल.

बाळ हातात मिळायचंच नाही असं नाही. अंघोळ, धुरी, काजळ, तीट सगळं उरकून, दुपट्यात घट्ट गुंडाळून ते माझ्याकडे दिलं जायचं. मी धरायचो, फोटो निघायचा, बाळ परत आत. दुकानात महागाची साडी दाखवून लगेच घडी घालतात, तसा प्रकार. जरा ओली झाली की लेक माझ्या हातातून गायबच व्हायची. आपली मुलगी कोरडी असताना कशी दिसते एवढंच मला पहिल्या आठवड्यात माहीत होतं.

माझं नशीब उघडलं ते काविळीने. बाळ जरा पिवळं दिसायला लागलं, वजनही जन्मापेक्षा उतरलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, घाबरायचं काही नाही, भरपूर पाजा. किती वेळा पिते, किती वेळा शू आणि शी करते, ते लिहून ठेवा आणि येताना घेऊन या. सासूबाईंनी तिथेच तोंड वाकडं केलं. बाहेर रिक्षात बसल्याबसल्या म्हणाल्या, "लेकराचं पिणं मोजू नाय. दृष्ट लागती."

मी मात्र ताठ बसलो होतो. लिहून ठेवा! अहो, मी क्वालिटी डिपार्टमेंटचा माणूस. लिहून ठेवणं याशिवाय आयुष्यात मी दुसरं केलंय काय? आणि खरं सांगायचं तर मी घाबरलोही होतो. तिचे ते पिवळे डोळे माझ्यासमोरून हलत नव्हते, आणि ते समोर असताना सोफ्यावर बसून शिरा खाणं सोपं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी तक्ता छापूनच घेऊन गेलो. वेळ, बाजू (म्हणजे डावी की उजवी), मिनिटं, शू, शी, शेरा, सही. कागद क्लिपबोर्डला लावले, पेन सुतळीने बांधलं आणि बाळंतिणीच्या खोलीबाहेर खिळ्याला अडकवलं.

"सही कुणाची?" सासूबाईंनी विचारलं.

"जो लंगोट बदलेल त्याची."

"म्हंजे शी पण मीच धुवायची आन् वर सहीबी मीच करायची?"

सासरे मात्र चष्मा लावून पुढे आले. त्यांना मी मामा म्हणतो. सगळं आयुष्य सरकारी कचेरीत काढून ते निवृत्त झाले होते, आणि निवृत्तीपासून त्यांना घरात माझ्यापेक्षा जरासंच जास्त काम होतं. त्यांनी तक्ता वरून खाली वाचला, मग खालून वर वाचला आणि म्हणाले, "अनुक्रमांकाचा रकाना राहिला. अनुक्रमांक नसेल तर कागदाला काही अर्थ नाही." मी तिथल्या तिथे पट्टीने रेघ मारली. लग्नानंतर प्रथमच आम्हा दोघांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालं.

मग मला त्या घरात हुद्दा मिळाला. मी यायचो, हात धुवायचो, तक्ता उतरवायचो आणि चौकशी सुरू करायचो. "दोन ते पाच काहीच नाही?" झोपली होती. "मग शेऱ्यात तसं लिहायला हवं ना." एकदा भर दिवाणखान्यात मी बायकोला विचारलं, "शेवटची डावी झाली की उजवी?" मामांना एकदम आठवलं की टाकीवरची मोटर बघायची राहिली आहे, आणि ते गच्चीवर गेले ते दिवेलागणीला खाली आले. आमच्या घरी बायको मला अरे म्हणते, आईवडिलांसमोर अहो. त्या दिवशी ती इतकी अहो अहो करायला लागली की मला धोका कळायला हवा होता. पण माझं लक्ष रकान्यांत होतं.

पुढच्या तपासणीला डॉक्टरबाईंनी तक्ता पाहिला आणि अनुक्रमांकाच्या रकान्यावर जरा हसल्या. कावीळ गेली होती. वजन जन्माच्या वर गेलं होतं. "छान," त्या म्हणाल्या, "आता हे बंद केलंत तरी चालेल."

माझी एक काळजी मिटली आणि त्याच क्षणी दुसरी सुरू झाली. "म्हणजे नक्की कधीपर्यंत ठेवू?"

"आता गरज नाही."

"पण ठेवला तर?"

त्यांनी माझ्या बायकोकडे पाहिलं. बायकोने छताकडे पाहिलं. "तुम्हाला बरं वाटत असेल तर ठेवा," त्या म्हणाल्या. एवढंच वाक्य मी घरी घेऊन आलो, बाकीची सगळी दवाखान्यात सोडली.

घरी रीतसर बैठक झाली. बायकोचं मत, आजच बंद. सासूबाईंचं मत, आजच बंद आणि वर मीठमोहऱ्या ओवाळून टाकायच्या. मामा तटस्थ राहिले. म्हणाले, वरून आदेश येईल तसं. मी म्हटलं, सव्वा महिना तरी चालू द्या, त्यात काहीतरी शास्त्र आहे.

"शास्त्र बाळंतिणीला असतं," बायको म्हणाली. "कागदाला नसतं."

मी ऐकलं नाही. वजन पुन्हा उतरलं तर? ताप आला तर? असले प्रश्न मी मोठ्याने विचारत राहिलो. खरा प्रश्न मी कोणालाच विचारला नाही. तो असा की, हा कागद खिळ्यावरून उतरला तर उद्या मी या घरात कोण?

त्यानंतर तक्ता एकदम सुधारला. बरोबर दर दोन तासांनी पिणं. एकदा डावी, एकदा उजवी, पुन्हा डावी. अक्षर वळणदार. शेऱ्यात, 'समाधानकारक'. दोन दिवस मी खूश. घरात शेवटी शिस्त आली म्हणून मनातल्या मनात पाठही थोपटून घेतली, अर्थात माझीच.

तिसऱ्या दिवशी कारखान्यात एका ऑपरेटरचा कागद हातात आला आणि माझी ट्यूब पेटली. पाळीभर मशीनकडे न बघता शेवटच्या दहा मिनिटांत सगळी रीडिंगं एका बैठकीत भरणारे महाभाग आमच्याकडे असतात. ते लगेच ओळखू येतात. एकच पेन, अक्षराची एकच तिरपी, कुठे खाडाखोड नाही, आकडा इकडचा तिकडे नाही. खरं मोजणाऱ्याच्या कागदावर तेलाचं बोट उमटलेलं असतं. आणि आमच्या तक्त्यावर तर दुधाचा साधा एक थेंब पडलेला नव्हता.

दुपारी कारखान्यात लाइट गेली, आम्हाला लवकर सोडलं. मी नेहमीपेक्षा बराच आधी जेल रोडला पोचलो. मामा पुढच्या पायरीवर बसले होते, मांडीवर क्लिपबोर्ड, नाकावर चष्मा. तल्लीन होऊन लिहीत होते. मी मागून वाकून पाहिलं. तीन वाजत होते आणि मामा संध्याकाळी सहाच्या शीपर्यंत पोचले होते. तीही समाधानकारक होती.

"मामा," मी म्हटलं, "सहाची झालीसुद्धा?"

त्यांनी दोन्ही हात कागदावर ठेवले. परीक्षेत पकडलेल्या पोराचा चेहरा एवढ्या म्हाताऱ्या माणसाला शोभत नाही, पण तो त्यांना शोभला. "त्या दोघींनी कधीच सोडलं लिहायचं," ते हळू आवाजात म्हणाले. "मला म्हणाल्या, उतरवून टाका. मी म्हटलं, राहू दे. जावईबापू द्वारकेच्या त्या गर्दीतून रोज येतात. आल्यावर बघायला काहीतरी असावं." मग पेनाला टोपण लावत म्हणाले, "आणि माझीही दुपार जाते."

मला संतापायला हवं होतं. याच गुन्ह्यासाठी मी कारखान्यात माणसांना मेमो दिले आहेत. पण मला रडू यायला लागलं, आणि पायरीवर सासऱ्यासमोर रडणं हे शिऱ्याहूनही वाईट, म्हणून मी आवाज चढवला. "म्हणजे इतके दिवस मला सगळे खेळवत होता?"

बायको दारात आली. "अरे, ओरडतोस काय?" वडिलांसमोर अरे! मामांनी चष्मा पुसायला घेतला. ती बोलतच राहिली, "ती पिवळी होती तेव्हा मीही लिहीतच होते ना? रात्री उठून लिहायचे. तेव्हा मलाही धीर यायचा त्याने. पण आता तू आलास की आधी कागदाकडे जातोस. मग माझ्याकडे येतोस, ते डावी की उजवी विचारायला. मला कारखान्यातली मशीन झाल्यासारखं वाटतं रे. आणि तिच्याकडे तर तू सगळ्यात शेवटी बघतोस."

"बघू कोण देतं?" मी म्हटलं, आणि मग थांबता आलं नाही. "ओली झाली की तुम्ही ती काढून घेता. रडली की काढून घेता. मी तिचा बाप आहे की फोटोग्राफर? हा तक्ता काढला तर मी इथे येऊन करू काय? शिरा खाऊ?"

स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई उभ्या होत्या. त्यांच्या हातात ताटली होती, आणि ताटलीत काय होतं ते वेगळं सांगायला नको.

"गोड चालत नसंल तर आधीच सांगायचं व्हतं," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात आत बाळ रडलं. सवयीने सासूबाई वळल्या, मामा उठले. बायकोने आईच्या हाताला धरलं. "आई, थांब," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "जा."

मी गेलो. उचलून घेतल्याबरोबर लेकीने पाय झाडले, लंगोट सुटला, आणि माझ्या कारखान्याच्या निळ्या शर्टावर खिशापासून खालपर्यंत पिवळं पसरलं. ज्या शीबद्दल मी एवढे दिवस एवढं विचारलं, मोजलं, बोललो, तिची आणि माझी ही पहिली भेट. दारातून सासूबाईंचा आवाज आला, "अहो पाहुणे, राहू द्या, तुम्हाला नाय जमायचं," पण पाऊल आत आलं नाही, बायकोने हात सोडला नसावा. मी बांधलेला नवा लंगोट दोनदा सुटला. तिसऱ्यांदा टिकला. लेक रडायची थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. मला भरून आलं, आणि या वेळी मी ओरडलो नाही.

घाण झालेला लंगोट घेऊन मी मागच्या अंगणात धुण्याच्या दगडापाशी गेलो. साबण लावला, घासला, पिळला आणि सासूबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो झटकला, दोन्ही हातांनी ताणून उन्हात धरला आणि निरखून पाहिला. क्वालिटीच्या खात्यात इतकी वर्षं काढली, पण माल असा तपासताना मी कोणाला पाहिलेलं नाही.

"पिवळं तसंच ऱ्हायलंय," त्या म्हणाल्या. "हे काय धुणं झालं? घासा परत."

पाहुणे नाही, बसा नाही, दमला असाल नाही. माझा माल नापास होऊन परत आला होता. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि दगडापाशी पुन्हा बसलो. मागून मामा क्लिपबोर्ड घेऊन आले, पेनाचं टोपण काढलं आणि हळूच विचारलं, "शेऱ्यात काय लिहू?"

"तो कागद ठेवा तिकडं," सासूबाई त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "आन् त्यांना बादली भरून द्या."

मामांनी क्लिपबोर्ड कठड्यावर पालथा ठेवला, पायजमा वर खोचला आणि नळ सोडला.