दोन्या येल्बा आणि उसना पिचर

१८ एप्रिल १९९६, गुरुवार. त्या सकाळी सान हिलारियो बेसबॉल क्लबच्या खात्यात सहा हजार आठशे बारा कोर्दोबा आणि चाळीस सेंतावो शिल्लक होते. राजधानीच्या ज्या संघाशी आमची अंतिम फेरी ठरली होती, त्याच्या खेळाडूंचे आठवड्याचे हॉटेलचे बिल याहून मोठे असे. क्लबचा खजिनदार मी होतो. नोकरी दूध संघाच्या हिशेब खात्यात आणि संध्याकाळी क्लब, असा माझा दिवस जाई.

अंतिम फेरी सात सामन्यांची. चार जिंकेल तो विजेता. यापूर्वी दोनदा आम्ही तिथवर पोचून हात हलवत परत आलो होतो. ही तिसरी खेप शेवटची आहे, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. आमचा कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा, एव्हेर्त सदतीस वर्षांचा झाला होता आणि तो उकिडवा बसला की त्याचे गुडघे जुन्या खाटेसारखे करकरत. शॉर्टस्टॉपवर खेळणारा मुलगा जूनमध्ये बांधकामाच्या कामावर कोस्टा रिकाला निघाला होता. त्यात बेसबॉल मंडळाने पुढच्या वर्षीपासून अनामत रक्कम इतकी वाढवली, की लहान गावांनी शेजारच्या मोठ्या गावाच्या संघात विलीन होण्याशिवाय मार्ग नव्हता. म्हणजे छातीवर ‘सान हिलारियो’ लिहिलेला सदरा पुढच्या वर्षी कोणी घालणार नव्हते. जिंकायचे तर आत्ता.

आमच्याकडे अंतिम फेरीतल्या संघाला बाद झालेल्या संघांमधून एक खेळाडू उसना घेता येतो. आमचे मॅनेजर दॉन आर्नुल्फो यांनी सभेत नाव सांगितले, पुएर्तो सेकोचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, ऑर्लिन दाविला. सगळे एकदम माझ्याकडे पाहू लागले. हॉटेलचा खर्च झेपत नसल्यामुळे उसना खेळाडू आम्ही नेहमी एकाच घरी उतरवत असू, ते म्हणजे दोन्या येल्बाचे घर. आमच्याकडे मान देताना पुरुषाला दॉन म्हणतात आणि बाईला दोन्या. आणि ऑर्लिनचे नाव तिच्यासमोर काढण्याची कोणाची छाती नव्हती.

येल्बा ओपोर्ता तेव्हा एकोणसाठ वर्षांची होती. तिसऱ्या बेसकडच्या फाटकाला लागून तिची शेगडी असे. निखाऱ्यावर भाजलेले मांस, तळलेली केळी आणि वर कोबीची कोशिंबीर, सगळे केळीच्या पानावर. पंचवीस वर्षे ती तिथे उभी होती आणि पंचवीस वर्षांत तिने एकही सामना धड पाहिला नव्हता. निखाऱ्यांना वारा लागू नये म्हणून ती मैदानाकडे पाठ करून उभी राही. सामना ती ऐकायची, आणि समोरच्या संघाला शिव्या पाठमोरीच घालायची.

आवाज तिला गुरांनी दिला होता. ती वाढली एका जनावरांच्या वाडीवर. संध्याकाळी नदीपलीकडच्या गाईंना हाक मारून आणणे हे तिचे काम. पुढे लग्न झाले ते गुरांच्या ट्रकवरच्या ड्रायव्हरशी. युद्धाच्या दिवसांत रस्त्यातल्या सुरुंगावर ट्रक गेला आणि नवराही गेला. एक रविवार ती आली नाही, दुसऱ्या रविवारी शेगडी पेटली. लोक म्हणाले, “दोन्या, थोडे दिवस घरी बसा.” ती म्हणाली, “घरात ओरडू कोणावर?”

तिच्या शिव्यांना नियम होते. कोणाच्या आईवर जायचे नाही. मेलेल्यांचे नाव घ्यायचे नाही. आणि जो आपल्या घरी जेवतो त्याला वावगा शब्द बोलायचा नाही. बाकी रान मोकळे. त्या मोकळ्या रानात सर्वांत जास्त तुडवला गेला तो ऑर्लिन दाविला. पाच वर्षांपूर्वी त्याचा एक चेंडू एव्हेर्तच्या डाव्या मनगटावर बसला आणि हाड मोडले. त्याचा सबंध मोसम बुडाला. एव्हेर्त हा येल्बाचा एकुलता एक मुलगा. ऑर्लिनचे कान जरा मोठे होते. त्या दिवसापासून तो आमच्या मैदानावर ‘सुपकान्या’ झाला. तिने एकदा हाक दिली की दोन हजार माणसे कानांना तळवे लावून हलवत.

मी तिच्याकडे गेलो तेव्हा ती मक्याचे पीठ मळत होती. एव्हेर्त आतल्या खोलीत गुडघ्यांना तेल चोळत होता.

“दोन्या येल्बा, उसना पिचर ठरला.”

“कुठला?”

“पुएर्तो सेकोचा.”

“पुएर्तो सेकोकडं तीन पिचर आहेत.”

“तो... जरा मोठ्या कानांचा.”

“हिशोबनीस,” ती म्हणाली, “उन्हातून आलात म्हणून पाणी देते. पाणी प्या आणि चालायला लागा.”

एव्हेर्त आतून म्हणाला, “आई, मीच मागितलाय त्याला.”

“तू? ज्यानं तुझं मनगट मोडलं त्याला?”

“मग! किती जोरात टाकतो ते माझ्याइतकं कोणाला माहीत आहे?”

तिने पिठाचा गोळा परातीत आपटला. मग मला म्हणाली, “तिन्ही वेळचं जेवण, एक खाट. आणि त्याला सांगा, आत येताना वाकून ये. दार अरुंद आहे, कान अडकतील.”

शुक्रवारी ऑर्लिन बसमधून उतरला. खांद्यावर एक पिशवी आणि हातात पाच किलो मीठ. मिठागरात काम करणारा माणूस, दुसरे काय आणणार? येल्बाने मीठ ठेवून घेतले आणि ताट वाढले. तो मान खाली घालून तीन माणसांचे जेवला. येल्बाने भाताची पळी हातात घेतली. एव्हेर्तला म्हणाली, “त्याला विचार, भात हवा का?” ऑर्लिन तिच्यापासून दोन हातांवर बसला होता.

शनिवारी पहिला सामना आमच्याकडे. ऑर्लिन मैदानात आला आणि अर्ध्या प्रेक्षकांनी सवयीने शिट्ट्या मारल्या. कान हलायला लागले. येल्बा शेगडीवरून वळली. सामन्यात तिला वळलेली मी प्रथमच पाहत होतो.

“ए गपा!” ती ओरडली. “तो माझ्या घरी जेवतो!”

मैदान एकदम चिडीचूप झाले. मग दॉन आर्नुल्फोंनी टाळ्या सुरू केल्या आणि सगळ्यांनी, पाद्री आल्यावर वाजवाव्यात तशा, टाळ्या वाजवल्या. ऑर्लिनने टोपी काढून नमस्कार केला आणि पुढच्या तासाभरात आठ रन दिले. आम्ही ८–१ ने हरलो.

दुसरा सामना आमच्या माणसांनी जिंकला, तिसरा घालवला. चौथा राजधानीत होता आणि चेंडू पुन्हा ऑर्लिनच्या हाती आला. तिथल्या लोकांनी त्याला पहिल्या मिनिटापासून फाडून खाल्ले. संत्र्याच्या साली फेकल्या. आम्ही २–० ने जिंकलो. पुढचे दोन वाटून घेतले. तीन-तीन झाले आणि सातवा सामना रविवारी आमच्या मैदानावर आला.

शनिवारी दुपारी मी संघाच्या प्रवासाचे पैसे द्यायला एव्हेर्तकडे गेलो. ऑर्लिन जेवत होता. एव्हेर्त आईला समजावत होता.

“राजधानीत त्याचा चेंडू माझ्या हाताला चटका देत होता, आई. आणि इथं? इथं येतो उकडलेल्या रताळ्यासारखा.”

“मग त्याला चांगलं टाकायला सांग. मला काय सांगतोस?”

“तूच गप्प केलंस लोकांना. ऑर्लिन, बोल की रे.”

ऑर्लिनने घास गिळला. “दोन्या, नऊ वर्षं येतोय मी या मैदानावर. तुमचा आवाज आला की डोकं तापायचं, हात सुटायचा. गेल्या शनिवारी सगळे टाळ्या वाजवत होते. मला वाटलं, कोणीतरी वारलं.”

“असं! म्हणजे तुला शिव्या हव्यात?”

“फार नकोत,” तो म्हणाला. “नेहमीच्याच.”

“माझं मीठ खाणाऱ्याला मी शिव्या घालू?”

“आई, मीठ त्यानंच आणलंय,” एव्हेर्त म्हणाला.

तिने पळी आपटली. “माझ्या छपराखाली असेपर्यंत नाही म्हणजे नाही. कप गेला तर जाऊ दे!”

पण ते म्हणताना तिने एव्हेर्तच्या गुडघ्यांकडे पाहिले. मी पैसे ठेवले आणि निघालो.

रविवारी सकाळी माझ्या दारावर थाप पडली. बाहेर येल्बा, तिच्यापुढे ऑर्लिन, आणि त्याच्या हातात त्याची पिशवी.

“हिशोबनीस, याच्या जेवणाखाण्याचा कालपर्यंतचा हिशेब मिटवा. आत्ता.”

“रविवारी? दोन्या, उद्या ऑफिसात—”

“आत्ता म्हटलं ना.”

मी क्लबच्या पेटीतून पैसे काढून दिले. तिने ते मोजले, पदराआड ठेवावेत तसे एप्रनच्या खिशात ठेवले आणि ऑर्लिनला माझ्या उंबऱ्याच्या आत ढकलले. “आता याचं माझ्या घरी काही नाही. खाट नाही, ताट नाही. नाश्ता तुम्ही द्या.” आणि गेली. ऑर्लिन इतक्या दिवसांत पहिल्यांदाच हसला. माझ्या बायकोने त्याला भात-घेवडा, चार अंडी आणि अर्धा किलो ताजे चीज वाढले. मग मला स्वयंपाकघरात बोलावून विचारले, “याला तिकडं उपाशी ठेवलं होतं का हो?”

बातमी गावभर पसरली. दॉन आर्नुल्फो धापा टाकत आले. “तिनं त्याला घराबाहेर काढलं? आज? वेड लागलंय का बाईला?” मी म्हटले, “हिशेब पूर्ण मिटवून काढलं.” त्यांना ते कळले नाही. मलाही तेव्हा अर्धवटच कळले होते.

दुपारी दोनला सामना सुरू झाला. मैदानात मावत नव्हते तेवढे लोक गुरांच्या ट्रकच्या टपांवर बसले होते. ऑर्लिन उभा राहिला. सगळे शांत. पहिल्या फलंदाजाला चार चेंडू बाहेर. दुसऱ्यालाही चार चेंडू बाहेर. दोघे फुकट बेसवर गेले. तिसऱ्याने चेंडू डावीकडे हाणला आणि एक रन गेला. एव्हेर्त उठून ऑर्लिनकडे गेला, काही बोलला आणि परत येऊन बसला. त्याच्या गुडघ्यांचा आवाज मला बाकावर ऐकू आला.

तेव्हा येल्बाने चिमटा खाली ठेवला. वळली. जाळीपर्यंत चालत गेली आणि दोन्ही हातांनी जाळी धरली.

“ए सुपकान्या!”

सगळे मैदान दचकले.

“हातात चेंडू आहे की कोंबडीचं पिल्लू? हळू सोड हं, त्याला लागेल!”

दॉन आर्नुल्फो धावले. “दोन्या, दोन्या! आपला आहे तो!”

“आज माझ्या घरी जेवला नाही!” तिने सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगितले. “ए सुपकान्या! वारा सुटलाय, कान आवर, नाही तर उडत जाशील पुएर्तो सेकोला!”

क्षणभर कोणाला कळेना. मग ट्रकच्या टपावरून एक शिट्टी आली. मग दुसरी. मग दोन-अडीच हजार माणसांनी आपल्याच पिचरकडे पाहून कानांना तळवे लावले आणि आठवडाभर कोंडलेले सगळे बाहेर काढले. राजधानीचा फलंदाज बॅट खाली करून अंपायरला विचारू लागला, की हे लोक नक्की कोणाच्या बाजूचे आहेत.

ऑर्लिनने टोपी मागे सारली. कान पूर्ण बाहेर आले. पुढचा चेंडू एव्हेर्तच्या हातमोज्यात असा वाजला की शेगडीजवळची कुत्री उठून पळाली.

त्यानंतर त्यांचा एकही माणूस रन पुरा करून होम बेसवर पोचला नाही. येल्बा जाळीवरून हलली नाही. दर इनिंगला तिची नवी शिवी, आणि एकही आईवर गेलेली नाही, याची नोंद घेतली पाहिजे. सहाव्या इनिंगमध्ये एव्हेर्तने दोघे बेसवर असताना चेंडू मधून काढला आणि दोघेही आले. तो स्वतः पहिल्या बेसपर्यंत लंगडत पोचला. आठव्यात शॉर्टस्टॉपने आणखी एक रन केला. ३–१. नवव्यात शेवटचा फलंदाज. दोन स्ट्राइक झाले. येल्बाचा आवाज बसला होता, म्हणून तिने नुसते कान हलवले. तिसरा चेंडू फिरवलेल्या बॅटच्या वरून गेला आणि सामना संपला.

सगळे मैदानात धावले. एव्हेर्त चेंडू धरून उकिडवाच बसून राहिला, कारण त्याला उठता येत नव्हते. ऑर्लिनने जाऊन त्याला काखेत हात घालून उठवले आणि डावे मनगट धरून हात वर केला. तेच मनगट. येल्बाने जाळीतून ते पाहिले. एवढ्या वर्षांत तिने धड पाहिलेला हा पहिला सामना. मग तिला शेगडीची आठवण झाली. सगळे मांस करपले होते. ते तिने अंपायरांना विकले, पूर्ण भावाने.

पुढच्या वर्षी सान हिलारियोचा संघ नव्हता. शॉर्टस्टॉप कोस्टा रिकात राहिला. एव्हेर्त शाळेतल्या मुलांना चेंडू पकडायला शिकवतो, खुर्चीवर बसून. कप दूध संघाच्या ऑफिसात आहे. बाहेरगावचा माणूस चौकशीला आला की आम्ही आधी कप दाखवतो आणि मग दुधाचा भाव सांगतो. आमच्या एवढ्याशा गावाने तो जिंकला, आणि तो कोणी कसा जिंकून दिला, हे सांगताना मी आजही उभा राहून सांगतो.

त्या संध्याकाळी बस पकडण्याआधी ऑर्लिन पुन्हा येल्बाकडे जेवला. तिने त्याला स्वतः विचारले, “भात हवा का?” हिशेब सकाळीच बंद झाला होता, त्यामुळे हे जेवण कोणत्याच खात्यात बसले नाही. नंतर क्लब विलीन झाला. दोन्या येल्बाचे त्या जेवणाचे बावीस कोर्दोबा अजून देणे आहेत.