वरनं पडलेला दगड

आमच्या गावच्या घरी न्हाणीत टाचा घासायला एक काळा दगड होता. नारळाएवढा, पण उचलला की हात खाली ओढणारा. अंगावर कुणी अंगठे दाबून ठेवावेत तसे खळगे. बाबा त्याच्याबद्दल एवढंच सांगायचे, "वरनं पडलाय तो."

बाबा प्राथमिक शाळेत मास्तर होते. आजोबांनी बौद्ध धर्म घेतला तेव्हा घरातले देव नदीत सोडले. त्यानंतर भूतखेत, नवस, अंगात येणं यातल्या कशालाही आमच्या घरात थारा नव्हता. आई म्हणायची, यांच्यासमोर चहा गोड झालाय म्हणायचं तरी पुरावा लागतो. अशा माणसाने दगड वरनं पडला म्हटलं, म्हणजे तो पडलाच. मला शंका घ्यायचं कारण नव्हतं.

पाचवीत बाईंनी ग्रहताऱ्यांचा धडा शिकवला तेव्हा मी हात वर केला आणि सांगितलं, आमच्या घरी आभाळातनं पडलेला दगड आहे. बाई हसल्या. "आभाळातनं दगड पडायला तुमचं घर म्हणजे चंद्र लागून गेलाय का गं?" सगळा वर्ग हसला. पुढे सातवीपर्यंत माझं नाव 'आभाळवाली' होतं. त्या दिवशी मी रडत घरी गेले. बाबा न्हाणीत पाय धूत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, टाच घासायची थांबवली आणि म्हणाले, "वरनं पडलाय तो. खोटं नाय बोललीस तू." मग पुन्हा टाच घासायला लागले. मला वाटलं होतं, ते उद्या शाळेत येतील, बाईंना चांगलं सुनावतील. आले नाहीत. त्याचा राग माझ्या मनात बरीच वर्षं होता, आणि त्या रागाच्या तळाशी एक घाणेरडी शंकाही. बाबा माझ्याशी खोटं तर बोलले नसतील?

बाबा गेल्यावर तो दगड मी रत्नागिरीला आणला. इथे मी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक आहे, म्हणजे मुलं जे फोडतात त्याची नोंद मी ठेवते. काही वर्षांपूर्वी कॉलेजच्या विज्ञान प्रदर्शनात बाहेरून आलेल्या एका सरांनी खराखुरा उल्कापाषाण हातात धरायला दिला. काळा, जड, अंगावर अंगठे दाबल्यासारखे खळगे. घरी आले ती तडक न्हाणीत गेले. दगड उचलला, साबण लावून धुतला आणि हॉलच्या शोकेसमध्ये ठेवला. नवरा म्हणाला, "आता टाचा शोकेसमध्ये घासायच्या का?"

मग मी उल्कावाल्यांच्या ग्रुपवर गेले. देशभरातली माणसं आहेत, कुणी बँकेतून निवृत्त, कुणी दंतवैद्य, आणि सगळ्यांना दगडांचं वेड. आपल्या देशात पडलेला उल्कापाषाण सरकारजमा करायचा, असं तिथे पहिल्याच दिवशी बजावतात. त्यामुळे देवाणघेवाण चालते ती सहारातून आलेल्या तुकड्यांची. माझ्याकडे असे तीन तुकडे आहेत, नखाएवढे. पहिला नागपूरच्या एका काकांनी दिला, हापूसची एक पेटी आणि फणसपोळी यांच्या बदल्यात. चार अब्ज वर्षांची वस्तू फणसपोळीवर मिळते हे आईला कळलं असतं तर तिने फणसांची लागवडच केली असती.

ग्रुपवर दोन शब्द चालतात. खरा उल्कापाषाण असेल तर तो 'पाहुणा' आणि पृथ्वीवरचाच निघाला तर 'घरचा'. कुणी फोटो टाकला की सगळे टपलेले असतात आणि बहुतेकदा निकाल येतो, घरचा. पहिल्या वर्षात मी एवढे घरचे गोळा केले की नवऱ्याने परसात त्यांचा गडगा रचला, दगडांचं कुंपणच. चूक माझी एकटीची नाही. आमच्या जांभ्याच्या मुलखात लोखंड जागोजागी मुरलेलं आहे. उल्केला चिकटतं म्हणून चुंबक घेऊन सड्यावर, उघड्या कातळावर गेलं की अर्धा सडा पाहुणा निघतो.

बाबांच्या दगडाचा फोटो टाकायला मात्र मला दोन वर्षं लागली. टाकला आणि पहिल्यांदाच कुणी लगेच घरचा म्हटलं नाही. नागपूरच्या काकांनी विचारलं, "ताई, ही भोकं आहेत की खळगे?" भोकं असली तर लाव्हाचा, खळगे असले तर आशा आहे. मी भिंग लावून तासभर बघितलं आणि मला भोक आणि खळगा यांतला फरकच कळेनासा झाला. काका म्हणाले, मग रेघ ओढून बघा, फरशीच्या खरखरीत बाजूवर. दगडाची रेघ लाल आली तर तो घरचा. घरात फरशीचा तुकडा नव्हता, म्हणून मी कौलाच्या तुकड्यावर ओढली. रेघ लालभडक आली. हिरमुसून मी ग्रुपवर लिहिलं, लाल. तेव्हा काकांनी सावकाश विचारलं, "ताई, कौल कुठल्या रंगाचं असतं?" दगडाने कौल खरवडलं होतं, ती भुकटी कौलाची होती. दोन दिवस ग्रुपला दुसरा विषय नव्हता. पुन्हा माझी आभाळवाली झाली.

मग काकांनी पृष्ठभागाची चौकशी केली. एवढी चकाकी कशी? उल्का जळत येते तेव्हा तिच्यावर काळी साल चढते, ती तर नव्हे? आता खरं बोलणं भाग होतं. ही चकाकी आमच्या घराण्याच्या टाचांची आहे, असं मी लिहिलं. मग काकांचा निरोप आला, "उल्केवर टाचा? ताई, हात जोडतो. एका कोपऱ्यावर पॉलिश पेपर घासा, बोटाच्या पेरभर खिडकी उघडा. आत धातूचे चमकते ठिपके दिसले तर पाहुणा. पाच मिनिटांचं काम आहे."

पॉलिश पेपर मी आणला. तो सहा महिने ड्रॉवरमध्ये पडून होता. ठिपके दिसले तर बाबा खरे, पण मग नियमाप्रमाणे दगड द्यावा लागणार, बाबांची एवढी एकच वस्तू माझ्याकडे. ठिपके दिसले नाहीत तर दगड माझा, आणि बाबा खोटे. मला नक्की काय हवंय हेच मला ठरवता येईना. नवऱ्याने एकदा पेपर हातात घेतला तर मी त्याच्यावर अशी खेकसले की तो दोन दिवस दबकून होता.

शेवटी वाटलं, दगड पडला तेव्हा कुणीतरी बघितला असेल ना. तेव्हाची एकच व्यक्ती उरली होती, आत्या. बाबांची धाकटी बहीण, ऐंशीला टेकलेली, संगमेश्वरपासून आत आमच्या गावातच राहते. रविवारी सकाळची एसटी धरली. दगड पिशवीत घेतला होता. कंडक्टर पिशवीत डोकावून म्हणाला, "काय बाई, माहेराहून आंबे-फणस आणतात, तुम्ही माहेरी दगड नेताय?"

आत्या पडवीत कुळीथ निवडत बसली होती. "काय गो बाय, वाट चुकलीस काय?" मी तिच्यासमोर दगड ठेवला आणि सरळ विचारलं, हा पडला तेव्हा तू होतीस का? आवाज झाला का? उजेड दिसला का?

"उजेड?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "भर दुपारी कसला उजेड गो?"

"बाबा म्हणायचे वरनं पडला."

"वरनंच पडला. वरच्या वाडीतनं."

मला काही कळेना. वरची वाडी आमच्या घराच्या मागे, उतारावर. तिथली देवळं, तिथली विहीर, तिथली घरं, सगळंच आमच्या डोक्यावर. लहानपणापासून गावात वर म्हणजे तिकडे, हे मला ठाऊक होतं. तरी मी वेड्यासारखं विचारलं, घरंगळत आला का?

"घरंगळत येऊन कौल फोडील काय? मारल्यान. आपण धर्म घेतला त्या वर्षी. तुझ्या आजोबांनी मुंबयच्या कमाईतनं घरावर नवीन कौलं घातली व्हती. देव सोडले ता तर व्हतंच, पण कौलं कोणाला बघवली नायत. मी हितंच भात पाखडत व्हते. कौल फुटला, तुकडा हितं लागला." तिने केस मागे सारले. कपाळाच्या वर पांढरट व्रण होता. तो मी जन्मभर बघितला होता. आंब्यावरनं पडले, असंच ती सांगायची.

"मग बाबांनी आम्हाला सांगितलं का नाही?"

"सांगितल्यान ना. वरनं पडला म्हणून."

"पडला आणि मारला एकच आहे का?"

आत्या कुळथातला खडा शोधत राहिली. "तुमाला वरच्या पोरांबरोबर शाळेत जायचा व्हता. तुझा बापूस म्हणाला, मारला म्हटलं तर पोरां रोज वर बघत चालतील. ठेच लागंल."

मला राग आला, पण कुणाचा ते कळेना. मारणाऱ्याचा? तो कोण हे आत्यालाही नक्की माहीत नव्हतं. बाबांचा? त्यांनी एक क्रियापद बदललं होतं, एवढंच. आभाळ त्यांनी कधीच म्हटलं नव्हतं. आभाळ हा शब्द माझा होता, मी तो पाचवीच्या वर्गात आपणहून घातला होता. शाळेत येऊन बाईंना ते काय सांगणार होते? आत्यासमोर मला रडू आलं. तिने मला कुळथाचं पिठलं खायला घालून एसटीत बसवलं.

संध्याकाळी घरी पोचले तेव्हा मोबाइलवर काकांचा निरोप होता. "ताई, खिडकी उघडली का? घरचा की पाहुणा?" मी घरचा असं लिहिलं आणि खोडलं. पाहुणा लिहिलं, तेही खोडलं. ज्याने मारला त्याने तो उचलला कुठून? तिथे तो आला कुठून? आजवर मला हे माहीत नाही. पेपर अजून ड्रॉवरमध्येच आहे.

मी पिशवीतून दगड काढला. शोकेस उघडली, सहाराचे तीन तुकडे तिथे काचेच्या डब्यांत बसले होते. मला त्याला तिथे ठेवावंसं वाटेना. मी मागे परसातल्या नळाकडे गेले. दिवसभराच्या प्रवासाने पाय धुळीने माखले होते. आपलं घर फोडायला आलेला दगड बाबांनी नदीत टाकला नाही, परत वर भिरकावला नाही. न्हाणीत ठेवला आणि चाळीस वर्षं त्याच्यावर टाचा घासल्या. तो त्यांचा राग होता, की माफी होती, की नुसत्या टाचा भेगाळल्या होत्या, हे आता कुणाला विचारू? मला फक्त एवढं आठवतं की टाच घासताना बाबा जोर लावायचे.

मी दगड नळाखाली ठेवला, उजवा पाय त्याच्यावर टेकला आणि जोर लावून टाच घासली.