पाण्यात तरंगलेली जीप

माझ्या सासूबाई तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या गावात राहतात. भाताची आणि नागलीची शेती आहे, ती धाकटे दीर बघतात. आम्ही दोघं डहाणूला. यजमान रेल्वेत, सिग्नलच्या कामावर; मी प्राथमिक शाळेत शिकवते. गावात शिरायच्या आधी एक नदी लागते. तिच्यावर पूल नाही, फरशी आहे: पात्रात टाकलेला सिमेंटचा सपाट रस्ता, खालून पाणी जायला नळे आणि दोन्ही कडांना गुडघ्याएवढे दगडी खुंट. पाऊस लागून राहिला की फरशी पाण्याखाली जाते आणि गाव पलीकडे अडकतं.

काही वर्षांपूर्वी अशाच पावसात सासूबाईंना दमा उसळला. दिरांनी आणि शेजाऱ्यांनी त्यांना खाटेवर घालून नदीपर्यंत आणलं. आम्ही अलीकडे रुग्णवाहिका घेऊन उभे होतो. मधे पाणी. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, फक्त अंगावरची चादर वर-खाली होताना दिसत होती. मधेच ती हलायची थांबलीय असं वाटायचं. दिवस मावळायच्या सुमारास पाणी उतरलं. त्या वाचल्या. पण यजमान त्या दिवशी काठावर जे गप्प झाले ते बरेच आठवडे तसेच राहिले, आणि मग एका रविवारी वापीकडून एक जुनी जीप घेऊन आले. डिझेलची, चारही चाकांना जोर जाणारी. म्हणाले, ही पाण्यातून जाईल. मी जाईल अशी करतो.

मला पाण्याची भीती आहे. डहाणूत वाढूनही मी समुद्रात घोट्याच्या वर कधी गेले नाही. का, ते मला सांगता येत नाही. लहानपणी बुडाले वगैरे काही नाही. खोल पाणी पाहिलं की मी आपोआप मागे सरते, एवढंच.

उन्हाळाभर आमच्या क्वार्टरसमोर जीप उघडी पडलेली असायची. यजमान हाताने काम करणारे माणूस. मोबाइलवर बघून, विचारून, एकेक गोष्ट करायचे आणि करता करता मला सांगायचे. डिझेलच्या इंजिनाला ठिणगी लागत नाही, त्यामुळे ते बाहेरून भिजलं तरी चालतं. त्याला लागते हवा. त्या वाटेने घोटभर पाणी आत गेलं तरी इंजिन जागच्या जागी मोडतं. म्हणून त्यांनी हवा ओढणारी नळी बॉनेटच्या बाजूने बाहेर काढली आणि टपाच्या उंचीपर्यंत नेली. प्रत्येक सांध्यावर सिलिकॉन भरलं. गिअरबॉक्सला आणि चाकांच्या आसांना हवा खेळायला बारीक भोकं असतात. तापलेलं लोखंड थंड पाण्यात गेलं की त्या भोकांतून पाणी आत ओढलं जातं. तिथे रबरी नळ्या जोडून त्यांची तोंडं वर, कोरड्या जागी बांधली. वायरींच्या जोडांना लावायला झाई बंदरातून होड्यांच्या इंजिनाचं घट्ट ग्रीस आणलं. ते मीच बोटाने भरत होते. त्याचा वास हाताला दोन-दोन दिवस राहायचा, डबा भरताना पोळीलाही यायचा.

शेवटी दारं. जुनं रबर कुजलं होतं. त्यांनी जाड नवीन पट्टी आणली, दाराच्या सगळ्या कडेने डकवली, आणि गाडीच्या तळाला असलेल्या भोकांत रबरी बुचं ठोकून बसवली. मग मला आत बसवून बाहेरून नळीने पाणी मारलं. काचेवरून पाणी ओघळत होतं, बाहेरचं काही दिसत नव्हतं, आणि आत एक थेंबही आला नाही. ते बाहेरून हसत होते. माझा श्वास कोंडत होता. दार उघडायला गेले तर ते रबराला चिकटून बसलं होतं, दोनदा ढकलावं लागलं. उन्हातान्हात राबणाऱ्या माणसाला काय सांगायचं, की तुमची गाडी जितकी पक्की होते तितकी मला जास्त भीती वाटते. आधी नदी भरली की थांबायचं, हे ठरलेलं होतं. आता थांबणार नव्हतो.

गंजाडच्या पुढे एका ओहोळात त्यांनी ती उतरवून पाहिली. चाकं अर्धी बुडाली. जीप आरामात पलीकडे गेली, परत आली. मी डोळे मिटून बसले होते, आणि ते त्यांना कळलं होतं. परतताना चारोटीला चहा प्यायलो तेव्हा ते म्हणाले, तुला कधी यायची गरज नाही, मी एकटा जाईन. तेव्हापासून मला एक वेगळीच भीती लागली: ते एकटे जातील आणि मी घरात बसून फोनकडे बघत राहीन. ती जास्त वाईट होती.

ऑगस्टमध्ये सकाळी दिरांचा फोन आला. नेटवर्क मिळावं म्हणून ते टेकडीवर चढून बोलत होते, वाऱ्यात शब्द तुटत होते. आईला पहाटेपासून धाप लागलीय, दम्याचा पंप संपलाय, ओठ निळे दिसतायत. यजमानांनी किल्ली घेतली. मी शाळेत कळवलं, औषधाचे दोन पंप आणि वाफेचं मशीन पिशवीत टाकलं आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले. ते माझ्याकडे बघत राहिले. मग गाडी सुरू केली.

जाताना फरशीवर पाणी होतं, पण कडेचे खुंट दिसत होते. यजमानांनी खाली उतरून बॉनेट उघडलं आणि पंख्याचा पट्टा काढला, कारण पंखा पाण्यात फिरला तर त्याची पाती वाकून रेडिएटरमध्ये घुसतात. पुढच्या जाळीवर ताडपत्री बांधली. मग हळूहळू, एका चालीत, आम्ही पलीकडे गेलो. चाकांखाली सिमेंट खरखरत होतं. तो आवाज मी मोजल्यासारखा ऐकत होते. तो येतोय तोवर आपण जमिनीवर आहोत.

सासूबाई ओटीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. गळ्याच्या खोबणी प्रत्येक श्वासाला आत जात होत्या. मी पंप दिला. गावात लाइट नव्हती, त्यामुळे मशीन निरुपयोगी. थोडा उतार पडला, पुन्हा वाढलं. त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी फक्त माझं मनगट धरलं आणि सोडेनात. दिरांनी त्यांना उचलून मागच्या सीटवर घेतलं आणि स्वतः त्यांना धरून बसले.

आम्ही नदीवर परत आलो तेव्हा खुंट दिसत नव्हते.

पाऊस आमच्या डोक्यावर फारसा नव्हता, वर डोंगरात पडत होता. पाणी मातकट, जड, वेगात चाललेलं. मधूनच एखादी फांदी यायची आणि फरशी जिथे असावी तिथे थोडी अडखळून पुढे जायची. यजमान काठावर उभे राहून बराच वेळ बघत होते. दीर म्हणाले, दादा, थांबू या का. मागे सासूबाईंची शिट्टीसारखी श्वासाची कुंई कुंई चालू होती, आणि ती हळू होत चालली होती. मला माहीत होतं, ती हळू होणं चांगलं नाही.

यजमानांनी मला विचारलं नाही. मी होय म्हणाले नाही. ते आत बसले, सगळ्यांनी दारं ओढून घेतली, आणि गाडी पाण्यात उतरली.

पहिला भाग ठीक गेला. बॉनेटपुढे पाण्याची लाट उभी राहिली आणि तशीच आमच्यापुढे सरकत राहिली. पाणी माझ्या खिडकीच्या खालच्या कडेला आलं. आत सगळं कोरडं. इंजिनचा आवाज टपाजवळच्या नळीतून येत होता, एखादा माणूस तोंड वर करून श्वास घेतो तसा. मी पायांखालच्या खरखरीवर कान ठेवून होते.

आणि ती थांबली.

इंजिन चालू होतं, चाकं फिरत होती, पण खाली काहीच नव्हतं. गाडी एकदम मऊ झाली. मागचा भाग सावकाश माझ्या बाजूला, प्रवाहाच्या दिशेने सरकू लागला. यजमान स्टिअरिंग फिरवत होते आणि ते नुसतं फिरत होतं.

"तरंगतेय," ते म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "दार उघड."

मला कळलं नाही. मला वाटलं ते उडी मारायला सांगतायत.

"पाणी आत येऊ दे. आत पाणी भरलं तरच ती खाली बसेल. माझ्या बाजूने धार आहे, माझं दार उघडणार नाही. तू उघड."

मी दाराकडे पाहिलं. काचेपलीकडे ते पाणी होतं, इतकं जवळ, की त्यातला पालापाचोळा मला दिसत होता. उन्हाळाभर आम्ही जे बाहेर ठेवायला धडपडलो तेच आता मी स्वतःच्या हाताने आत घ्यायचं होतं. माझा हात मांडीवरून हलेना. मला अगदी स्पष्ट आठवतं, मी हाताकडे बघत होते आणि तो दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा पडून होता. मागे दीर देवाचं नाव घेत होते. गाडी आणखी तिरकी झाली. खाली कुठेतरी काहीतरी लोखंडाला घासलं, बहुधा कडेचा खुंट. त्याच्या पलीकडे पात्र खोल आहे हे मला माहीत होतं.

सासूबाईंनी मागून माझा खांदा धरला. त्यांना बोलायला श्वासच नव्हता. त्यांची बोटं रुतली.

मी कडी ओढली आणि दार ढकललं. ते हललं नाही. पाण्याने बाहेरून दाबून धरलं होतं आणि रबराने आतून. मी सीटवर तिरकी झाले, दोन्ही पाय गिअरजवळच्या उंचवट्याला टेकवले आणि खांद्याने रेटलं. तेव्हा मी ओरडत होते असं दीर नंतर सांगत होते, मला ते आठवत नाही. रबर सुटल्याचा आवाज मात्र आठवतो. मग थंडगार पाणी एका झोतात आत आलं, पायांवर, मांड्यांवर, कमरेपर्यंत. मी डोळे मिटले नाहीत. मिटायचं सुचलंच नाही.

गाडी सावकाश खाली बसली. एक धक्का, मग दुसरा, आणि चाकांनी सिमेंट धरलं. यजमान स्टिअरिंग वळवत होते, त्यांच्या हातांच्या शिरा तटतटल्या होत्या. मागचं चाक खुंटावर घासत घासत पुढे आलं. मी दार उघडं धरूनच बसले होते, ते सोडायचं असतं हेही मला कळत नव्हतं. बॉनेट पाण्यातून वर आलं, मग चाकं, मग आम्ही काठावरच्या चिखलात चढलो आणि बाकीची दारं उघडली तसं चारी दारांतून पाणी खाली सांडलं.

तिथे थांबायला वेळ नव्हता. पट्टा पुन्हा चढवायला यजमान खाली उतरले तेव्हा त्यांच्या हातातून पाना दोनदा पडला. दिरांनी तो उचलून स्वतः काम केलं. तलासरीच्या सरकारी दवाखान्यात पोचलो तेव्हा आम्ही चौघंही नखशिखांत भिजलेले होतो, आणि नर्सबाईंना आधी कळेना की पेशंट कोण. सासूबाईंना ऑक्सिजन लावला, सलाईन लावली. संध्याकाळपर्यंत ओठांचा रंग परतला. त्यांचं पहिलं वाक्य, पाय गार पडलेत, कोरडं काहीतरी गुंडाळ. मी माझी ओढणी पिळून बघितली, ती ओलीच होती. शेजारच्या खाटेवरच्या बाईने आपली शाल दिली.

यजमान बाहेरच्या बाकावर बसले होते. मी जाऊन शेजारी बसले. खांदा दुखत होता, दाराचा वळ उठला होता.

"मला वाटलं होतं तू उघडणार नाहीस," ते म्हणाले.

"मलाही तसंच वाटलं होतं," मी म्हणाले.

मग त्यांनी मला सांगितलं की गाडी इतकी बंद केली तर ती होडीसारखी उचलली जाईल, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं, पण आमच्या जीपचं वजन पुरेल असं धरून चालले होते. ते सांगताना त्यांची हनुवटी थरथरत होती. सासूबाईंना खाटेवर पाहिलं त्या दिवशीही मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. मी त्यांचा हात धरला. तो माझ्यापेक्षाही गार होता.

पुढच्या रविवारी त्यांनी दारांचं सगळं रबर काढलं, तळाची बुचं काढली आणि भोकं आणखी मोठी केली. वरची नळी तशीच ठेवली. सासूबाई आता पावसाळ्याचे महिने आमच्याकडे असतात. त्यांना करमत नाही. मालगाड्यांचा आवाज सहन होत नाही, नळाच्या पाण्याला चव नाही म्हणतात, आणि दिवाळीआधी गावी सोडा म्हणून मागे लागतात. मी ऐकून घेते.

लोकांना वाटतं, एकदा असं झालं की भीती जाते. माझी गेली नाही. अजूनही बालदी पूर्ण भरलेली मला नको असते, आणि महामार्गावरच्या उंच पुलावरून बस जाते तेव्हा मी खाली बघत नाही. फक्त एक झालंय. गाडी कुठलीही असो, टॅक्सी असो की शाळेची बस, मी बसल्याबरोबर दाराची कडी कुठे आहे ते बघून ठेवते, आणि माझा हात तिच्यापर्यंत पोचतो का ते एकदा करून बघते.