विमानाला चार थर्मामीटर

दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमधून आम्ही द्वारकेच्या सोसायटीत राहायला आलो. नवऱ्याने सरकारी नोकरी सोडून परदेशी कंपनी धरली होती. शेजारी दुसरी गाडी घेत होते तेव्हा त्याने दोन मित्रांबरोबर एका जुन्या, दोन आसनी विमानात हिस्सा घेतला. दुसरं आसन माझं, असं त्याने परस्पर ठरवलं होतं.

तीन वेळा मी बसलेही. चौथ्या वेळी इंजिन थरथरायला लागलं. उतरलो सुखरूप, पण मेकॅनिकने सांगितलं, एक सिलिंडर जास्त तापून त्याचा व्हॉल्व्ह अडकत होता. तापमानाचा काटा मात्र शेवटपर्यंत शहाण्यासारखा मधोमध उभा होता. चौकशी केल्यावर कळलं, काटा चारांपैकी एकाच सिलिंडरला जोडलेला होता, आणि तो नेमका तापणाऱ्याला नव्हे, भलत्याच एकाला.

"म्हणजे घरात माणसं चार, आणि ताप एकाचाच बघायचा?"

"अगं, किती तरी छोटी विमानं अशीच उडतात."

"उडू देत. चौघांना थर्मामीटर लागेपर्यंत मी बसणार नाही."

कित्येक महिन्यांनी सिलिंडर दुरुस्त झाला, आणि नवरा एकटाच जायला लागला. परत आला की चहा पिताना काय काय दिसलं ते सांगायचा आणि मध्येच थांबायचा. मला वाईट वाटायचं, पण मी बधले नाही. त्याऐवजी यादी केली. एका कंपनीच्या खरेदी विभागात मी बरीच वर्षं काढली होती.

चारही सिलिंडरचं तापमान एका पडद्यावर दाखवणारे डिजिटल मॉनिटर तेव्हा परदेशातून मागवावे लागत. विमानात बसवायच्या मंजुरीचे कागद असलेले तीनच सापडले. नवऱ्याला रंगीत पडद्याचा हवा होता. मी तिन्ही पडद्यांच्या मापाचे पुठ्ठे कापले, त्यावर पडद्यावर दिसतात तेवढ्याच आकाराचे फॅरेनहाइटचे आकडे लिहिले आणि भर दुपारी विमानतळावर जाऊन ते विमानाच्या पॅनेलवर चिकटवले.

"वाच."

"तीनशे छत्तीस," रंगीत पुठ्ठ्याकडे बघत, मान मागे नेऊन तो म्हणाला.

"तीनशे अठ्ठ्याऐंशी आहे."

"तुझं अक्षर!"

चष्मा त्याच्या खिशात होता. मोठ्या आकड्यांचा, साधा, काळापांढरा मॉनिटर मागवला.

तो बसवायच्या वेळी मी इंजिनाचं चित्र काढून दिलं. पंख्यासमोर उभी राहून पुढच्या दोघांना एक आणि दोन नंबर दिले, मागच्यांना तीन आणि चार. प्रत्येक वायरवर चिठ्ठी. मेकॅनिक पंजाबी, वयस्कर, एरवी कुणाचं ऐकून न घेणारा. पण माझ्या याद्यांवर त्याचा फार विश्वास. "मॅडमजी की लिस्ट है, आँख बंद करके लगाओ," असं स्वतःलाच बजावत त्याने सगळं चित्राप्रमाणे जोडलं.

जमिनीवरच इंजिन चालवून पाहिलं. पडद्यावर तीन पट्ट्या गुण्यागोविंदाने वर आल्या. चौथी भलतीच उंच गेली. इंजिन बंद करून नवरा ओरडला, "चार नंबर! पुढचा डावा!"

"चार नंबर मागचा आहे," मी चित्र हलवत म्हटलं.

"इंजिनाच्या पुस्तकात चार नंबर पुढे आहे. नंबर मागून सुरू होतात." त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे आता हाही सिलिंडर काढायचा. परत कित्येक महिने."

मेकॅनिक हसायलाच लागला. "साहब, आगे वाला तो सबसे पहले हवा खाता है, वो क्यों गरम होगा? रुको." इंजिन निवल्यावर त्याने मागच्या डाव्या सिलिंडरचा सेन्सर काढला आणि माझ्या हातातल्या वाफाळत्या चहाच्या ग्लासात बुडवला. पडद्यावर चार नंबरची पट्टी चढायला लागली.

"ये लो. वही पुराना मरीज़. मॅडमजी, आपने इंजन को उल्टा गिन लिया."

मी तो चहा ओतून दिला.

मग त्याने टॉर्च मारून त्या सिलिंडरच्या मागे पाहिलं. समोरून येणारी हवा मागच्या सिलिंडरवर वळवणारी रबरी पट्टी आतल्या बाजूला दुमडली होती. आधीच्या दुरुस्तीत ती कुणाच्या लक्षातच आली नव्हती. नवी पट्टी लागली, वायरी इंजिनाच्या नंबरांप्रमाणे जोडल्या आणि यावेळी चारही सेन्सर एकेक करून चहात बुडवून तपासले. इंजिन पुन्हा चालवलं. चारही पट्ट्या जवळजवळ सारख्या उंचीवर थांबल्या.

नवरा विमानाला वळसा घालून आला. उजवीकडचं दार उघडलं आणि वाऱ्याचा अंदाज घेत असल्यासारखा दूर बघत उभा राहिला. यादीत आता एकही ओळ उरली नव्हती, आणि झालेली चूक तर माझीच होती. मी चढून बसले, पट्टा आवळला.

वर गेल्यावर मी दर मिनिटाला वाचून दाखवत होते. "मागचा डावा, तीनशे दहा. पुढचा डावा, तीनशे दोन."

"कळलं गं. बाहेर बघ ना जरा."

"बघते. मागचा उजवा, तीनशे पाच." मग बाहेर पाहिलं. खाली अर्धवट बांधलेले टॉवर आणि क्रेनच क्रेन. त्यांच्या मधोमध, अजून कुणी बिल्डरला न विकलेलं, मोहरीचं एक पिवळंजर्द शेत.

"अरे, त्या बाजूने घे ना," मी म्हटलं. "परत एकदा."