कावळा आला, साहेब उतरंना

बायको गेल्यापासून घराबाहेर मोटरसायकल थांबली की मला भीती वाटते. आधी ती उठून दार बघायची, मी पडून राहायचो. आता मलाच उठावं लागतं.

भीती पोरीपायी. पोरगी कुरकुंभला औषधाच्या कंपनीत पॅकिंगला आहे, शिफ्ट करते, आणि उरलेल्या वेळात रॅप. रॅप म्हणजे काय ते मला विचारू नका, माझी शाळा चौथीतच सुटली. गाणं म्हणावं तर चाल नाही, बोलणं म्हणावं तर मधे दम घेत नाही. बायकोला मात्र कळायचं. नवीन काही केलं की पोरगी आधी तिला ऐकवायची, आणि ही भाकरी थापता थापता सांगायची, हे बोचलं, ते न्हाई बोचलं.

त्यातलं एक दहाव्याच्या भाषणांवर होतं. आमच्याकडं कुणी गेलं की दहाव्याला नदीच्या घाटावर पुढारी येतात. प्रवचन झालं की एकेक जण माईक धरून श्रद्धांजली वाहतो. गेलेल्याचं नाव शेजारच्याला विचारायचं आणि पुढं निवडणुकीवर घसरायचं. घरचे उपाशीपोटी उन्हात बसलेले. पोरीनं तेच म्हटलं :

माणूस गेला, माईक आला,
साहेबांचा घसा मोकळा झाला.
कावळा आला, साहेब उतरंना,
म्हातारी गेली, नाव आठवंना.

खुटबावपासून न्हावऱ्यापर्यंत पोरांच्या फोनवर ते वाजायला लागलं. तालुक्यातला एक पुढारी घाटावर उभा राहिला की मागून कुणीतरी हळूच म्हणायचं, उतरंना. मग एक दिवस त्याचा माणूस मोटरसायकलवरून आमच्या घरी आला. नीट बसला, चहा घेतला.

"आबा, पोरगी रात्रपाळी करती," म्हणाला. "रस्ता सुनसान आसतो. काळजी घ्या."

मी माझा कप खाली ठेवला. बायकोनं त्याचा कप उचलला आणि म्हणाली, "काळजी तुमच्या सायबांनी घ्यावी. लोकं हसत्यात त्यांना."

तिच्या अशा बोलण्यावर मी जगत होतो. मग एका सकाळी तिच्या छातीत कळ आली आणि दौंडला दवाखान्यात पोचेपर्यंत ती संपली.

दहाव्याला तो पुढारी आला. पांढरे कपडे, पुढच्या रांगेत. माईकवाल्यानं मानानं नाव पुकारलं. त्यानं बसल्या जागी हात जोडले आणि मान हलवून नको म्हणाला. मागं कुणीतरी तोंडावर टॉवेल धरून हसलं. भाषण केलं असतं तर त्याच्या मनात काय आहे ते कळलं तरी असतं. गप्प बसलेल्या माणसाचं काय करायचं?

पिंड ठेवला. कावळे पलीकडं बाभळीवर होते, पण खाली येईनात. आमच्यात मानतात, की जीव कशात अडकला असंल तर कावळा शिवत नाही. घरच्यानं पुढं होऊन शब्द द्यायचा, मग शिवतो. मेव्हणा माझ्या कानाशी आला.

"दाजी, बहिणीचा जीव पोरीत आडकलाय. पोरगी गाणं सोडंल म्हणा. लगीच शिवंल."

सगळा घाट माझ्याकडं बघत होता. पुढारीही बघत होता. पोरगी बायकांत उभी होती, तीही बघत होती. खरं सांगतो, ते वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. एकदा म्हटलं असतं की माझी भीती सुटली असती, आणि पिंडापुढचा शब्द पोरीनं मोडला नसता. पण जी बाई बोचणाऱ्या ओळी निवडून द्यायची, तिच्यापुढं हे कसं बोलू?

मी हात जोडले. "पोरीला मी गप करणार न्हाई," म्हटलं. "मला लई भ्या वाटतंय, पर करणार न्हाई."

कावळा आला नाही. बराच वेळ वाट बघून गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला. मेव्हणा न जेवता न्हावऱ्याला निघून गेला. बायकोला माझा शब्द पटला की नाही, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

आता फोनवर दहाव्याचे निरोप येतात, त्यांत खाली लिहिलेलं असतं, भाषणं होणार नाहीत. सगळ्या गावांत नाही, पण वाढतंय. परवा बाजारात एका म्हातारीनं पोरीच्या गालावरून हात फिरवला. म्हणाली, आमच्या ह्यांच्या दहाव्याला निवांत रडता आलं गं. मला बरं वाटलं आणि तेवढीच धडकी भरली. असले निरोप त्या पुढाऱ्याच्या फोनवरही जात असतीलच की.

काल पोरगी शिफ्टवरून आली आणि माझ्याजवळ बसली. "आबा, ऐका." नवीन रॅप होता. घरी येऊन चहा पिणारा, काळजी घ्या म्हणणारा माणूस त्यात होता. अर्ध्यात थांबून तिनं विचारलं, "बोचतंय का?"

"बोचतंय," मी म्हटलं.

तेवढ्यात बाहेर मोटरसायकल थांबली. मी गुडघ्यावर हात देऊन उठलो. दाराकडं जाता जाता तिला म्हटलं, "तू म्हण पुढं. मी बघतो कोण हाय."