सरूचे उलटे फेरे

कापसाले सोन्याचा भाव आला त्या सालची गोष्ट. अमरावतीत कापूस घेणाऱ्या एका सायबाच्या बागेत आमचे मालक माळी होते. बंगल्यामागच्या खोलीत आमी नवराबायको राहत होतो. फाटकाच्या दोन बाजूले दोन सरू, अन् सायबाले ते पिळदार पाहिजे होते. झाडाले दोरी गुंडाळायची, अन् दोरीच्या वाटेनं कात्रीनं खाच पाडत जायचं. पहिलं झाड यायनं केलं. वडाले सूत गुंडाळतो तसं, झाड उजव्या हाताले ठेवून, बुडापासून वर.

दुसऱ्याचा पीळ उलटा पाहिजे, असा हुकूम आला. जोडी आरशातल्यासारखी दिसाले पाहिजे म्हने. अन् यायले ताप भरला. चार दिवस झाले तरी उतरेना. खानसामा सांगून गेला, शनिवारी पाव्हणे हायेत, झाड झालं नाई तं खोली खाली करा.

कात्री मले येत होती. भेव फेऱ्यायचं होतं. उलटे फेरे मसनात मारतात, चितेभवती. नवरा तापानं फणफणून राह्यला, अन् मी झाडाभवती उलटी फिरू? पण खोली गेली तं असा तापलेला जीव घेऊन उन्हात जावं तरी कुठं? बुडाशी दोरी बांधली, झाड डाव्या हाताले घेऊन एक पाऊल टाकलं, तं खोलीतलं कण्हणं एकदम थांबलं. दोरी टाकली. धावत गेले. श्वास होता. डोळा लागला होता फक्त.

मग बाहेर जायची हिंमतच होईना. यायच्या उशाशी बसून लाटण्याले सूत गुंडाळून पाह्यलं. खालून गुंडाळलं, सोडलं. मग वरून खाली गुंडाळलं, हात तसाच सुलटा, अन् पीळ उलटा पडला. तीनदा करून पाह्यलं, तवा खरं वाटलं.

दोरी शेंड्याले बांधली. शिडी सरकवत, झाड उजव्या हाताले ठेवून, खाली उतरत आले. मंग दोरीच्या वाटेनं कात्री जपून चालवली. सरूच्या जुन्या लाकडात कात्री गेली का तिथं पुन्हा पान फुटत नाई.

शनिवारी सायेब काही बोलला नाई, म्हंजे जमलं. पुढच्या आठवड्यात ताप उतरला, अन् हे भिंत धरत धरत फाटकापाशी आले. झाड पाह्यलं अन् तिथंच मटकन बसले.

"मी पडलो असताना तू उलटी फिरली?"

"नाई जी. सुलटीच फिरले. वरून खाली आले."

त्यायले पटेना. उठले, हात पुरला तिथं खाचेत बोट ठेवलं, अन् झाड उजव्या हाताले घेऊन बोट खाली आणत बुडापर्यंत गेले. मंग म्हनले, "मले वाटलं, खोलीसाठी तुनं मले सोडलं."

मी म्हनलं, असं कसं होईन. अन् त्यायचा हात धरून घरात नेलं. पहिलं पाऊल मी उलटंच टाकलं होतं, हे मात्र त्यायले कधीच सांगितलं नाई.