कमरेमागचा हात

जिंतूरच्या स्टँडमागं जुने डबा टीव्ही दुरुस्त करणारा एक मेकॅनिक आहे. टीव्हीची पाठ उघडली की त्याचा डावा हात आपोआप कमरेमागं जातो. "दोन्ही हात आत गेले की करंट काळजातून जातो," एवढंच सांगतो.

आईच्या टीव्हीत चटचट ठिणग्या उडायच्या, म्हणून मी तो त्याच्याकडं नेला. त्यानं पिक्चर ट्यूबमागची सुटलेली अर्थिंगची तार दाखवली. "ठिणगीला ह्या तारेनं वाट द्यावी लागती. न्हाई तर ती ट्यूबच खाती."

"ही टोपी कशाची?" म्हणत मी ट्यूबवरच्या रबरी टोपीकडं बोट नेलं. कमरेमागचा हात सटकन पुढं आला आणि त्यानं माझं मनगट झटकलं.

"भाऊ, टीव्ही बंद हाय, पण ट्यूबमधी करंट अजून भरलेला हाय!"

तो हात पुन्हा मागं ठेवून त्यानं पेचकस उचलला. मी बाजूलाच होतो, म्हणून दिसलं. मागच्या बोटांनी त्यानं शर्टाचं टोक घट्ट धरून ठेवलं होतं.